आई पोहली तो हिवाळा

डिसेंबर अर्धा झाला की नागपुरात एक सकाळ अशी उजाडते, की नळाखाली हात धरायची हिंमत होत नाही. आदल्या दिवसापर्यंत जो तो म्हणत असतो, 'यंदा थंडीच नाही बाप्पा', आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं कानाला मफलर गुंडाळून पानठेल्यापाशी हात चोळत उभी. धरमपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी संत्र्यांचा ठेला लागतो, गच्च्यांवर रजया उन्हाला पडतात, भाजीवाली तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग घालून बसते. हा ऋतू मला आवडायला हवा. मे महिन्यात पोळून निघालेल्या माणसांना हिवाळा न आवडून कसं चालेल? पण ती पहिली गार सकाळ आली, बादलीत हात घातला, की माझ्या जिभेवर खारट चव येते. मग दोन-तीन दिवस मी कुणाशी धड बोलत नाही. घरच्यांना त्याची सवय झाली आहे. "तुमच्या आईचा हिवाळा लागला," असं आमचे हे मुलांना सांगतात आणि आपला चहा आपणच करून घेतात.

अशाच एका हिवाळ्यात माझी आई समुद्रात पोहली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, मी तेव्हा पाचवीत होते. ती एकदाच पोहली, आणि पुन्हा कधी पोहली नाही ती माझ्यामुळे. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांना वाईट वाटलं असतं ती सगळी माणसं गेली.

नागपूर देशाच्या पोटात बसलेलं गाव. इथून कुठलाही समुद्र सारखाच लांब. आमच्या लेखी पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, फार तर रामटेकला गेलो की गडाच्या पायथ्याचा अंबाळा तलाव. म्हणजे चारही बाजूंनी काठ असलेली, शहाण्या मुलासारखी एका जागी बसून राहणारी वस्तू. काठावर सतरंजी टाकावी, डबे उघडावे, मुलांनी दगड भिरकावावेत आणि संध्याकाळी घरी यावं. पाणी जागा सोडून आपल्या अंगावर चालून येतं, हे आमच्या गावीही नव्हतं.

बाबा मोजणी खात्यात होते. वर्षातले सहा महिने साखळी, नकाशे आणि चपराशी घेऊन विदर्भातली शेतं मोजत हिंडायचे आणि राहुटीत राहायचे. घरात ते पाहुण्यासारखे वाटायचे, राहुटीत मात्र राजे. त्या वर्षी त्यांना सरकारी प्रवासाची सवलत मिळाली तेव्हा त्यांनी ठरवलं, कोकणात जायचं, समुद्र पाहायचा. शेजारचे म्हणाले, एखादी धर्मशाळा पाहा, ओळखीचं घर पाहा. बाबा म्हणाले, "धर्मशाळा कायले पाहिजे? माझी राहुटी आहे ना. तीस वर्षं जुनी आहे, पण एक थेंब आत येऊ देत नाही."

आमच्याबरोबर आत्या होती. बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं, शाळेत शिकवून निवृत्त झाली होती आणि घरात तिचाच शब्द चाले. बाहेर चूल मांडायची म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली: रोडगे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खायचे. नागपुरी माणूस घराबाहेर जेवायला निघतो तो बहुतेक ह्याचसाठी. तर आत्यानं पोतंभर गोवऱ्या बांधल्या. आई हळूच म्हणाली, "बाई, तिकडंही गाई-म्हशी असतीलच ना वं." आत्या म्हणाली, "असतील. पण त्यायच्या गोवऱ्या कशा जळतात, कोणाले मालूम?" गाडीत तिकीट तपासनीस पोत्यावर पाय आपटून म्हणाला, "इसमें क्या है?" आत्यानं चष्म्यातून पाहून ठणकावलं, "गोवऱ्या हैं भाऊ. समुंदर पे मिलेंगे क्या?" तो बिचारा पुढच्या डब्यात गेला तो परत आलाच नाही.

दोन दिवस आगगाडी, मग एसटी, घाट, पुन्हा एसटी. मालवणच्या अलीकडच्या एका वाळूच्या पुळणीवर आम्ही भर दुपारी उतरलो. समोर पाणी लांब गेलेलं आणि मधे इतकी सपाट, घट्ट, ओलसर वाळू की बाबांचे डोळे चमकले. खुंट्या ठोकायला यापरतं रान नाही. त्यांनी राहुटी तिथंच उभी करायला घेतली. माडांच्या सावलीत जाळं विणत बसलेला एक म्हातारा उठून आला. उघडा, कमरेला पंचा, दाढी पांढरी. म्हणाला, "हयसर नको हो. पानी येतला हयसर."

बाबा हसले. "काका, मी आयुष्यभर जमीन मोजली. पाणी कुठं आहे ते दिसून राहिलं ना मला."

म्हाताऱ्यानं एकदा बाबांकडे, एकदा गोवऱ्यांच्या पोत्याकडे पाहिलं आणि तो परत आपल्या जाळ्यापाशी जाऊन बसला. दिवस मावळायला पाणी आलं. आधी राहुटीच्या दोऱ्यांखालून, मग सतरंजीखालून, मग सरळ दारातून. बाबा आणि आत्या ओरडत होते, मी रडत होते, आणि आई हसत होती. ती पोटऱ्यांइतक्या पाण्यात उभी राहून भराभर ट्रंका, भांडी, अंथरुणं उचलून वर माडांकडे नेत होती आणि हसत होती. "अवं, पूर येते ना नदीले, तसा हाय हा," ती म्हणाली. "फक्त रोज येते." म्हातारा आणि त्याची सून मदतीला धावली. सगळं वाचलं, गोवऱ्या मात्र भिजल्या. पुढचे चार दिवस आत्या त्या उन्हात उलटसुलट करत होती आणि त्या काही केल्या पेटेनात. आम्ही रोडगे न खाताच परत आलो. नागपुरात ही गोष्ट आत्यानं किती वर्षं सांगितली असेल त्याला गणती नाही. लोक पोट धरून हसायचे. पुढची गोष्ट मात्र आमच्या घरात कुणीच, कधीच सांगितली नाही.

आईला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नागपुरातली माझी आई बेताबेतानं हसायची. दोन खोल्या, मोरीत दोन बादल्या, सकाळी सहा ते सात नळ. पाणी भरून ठेवणं, पुरवून वापरणं, सांडलं की पुसणं, एवढाच तिचा पाण्याशी संबंध मला माहीत होता. तिचं माहेर वैनगंगेच्या काठी. नदीपलीकडे त्यांचं धानाचं शेत. लहानपणी म्हशीचं शेपूट धरून ती नदी पार करायची, मोठी झाल्यावर शेपूट सोडून दिलं, असं ती सांगायची. म्हशीबरोबर पाण्यात उतरलेलं एक वगारू मगरीनं ओढून नेल्याची गोष्टही सांगायची. मी त्या गोष्टी राजा-राणीच्या गोष्टींसारख्या ऐकायची आणि मगरीचं ऐकून पांघरूण डोक्यावर घ्यायची. त्या गोष्टीतली मुलगी म्हणजे ही, जी आत्ता तव्यावरची पोळी उलटते आहे, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. आईही कधी मूल होती यावर मुलांचा खरा विश्वास नसतो.

पहिला दिवस, दुसरा दिवस ती काठावरच होती. पाणी बोटावर घेऊन तिनं चाखलं आणि मला म्हणाली, "खरंच खारं हाय वं बेबी. इतकं पाणी, अन् प्यायले एक घोट नाही." मग कितीतरी वेळ पाण्यापुढे उकिडवी बसून राहिली. स्वयंपाक करताना पाठ समुद्राकडे येणार नाही अशी चूल तिनं मांडून घेतली होती. आत्याच्या ते लक्षात आलं होतं. "धूर तोंडावर येऊन राहिला वं तुह्या, इकडं बस," असं आत्या म्हणाली तर आई म्हणाली, "येऊ द्या." आता वाटतं, ती दोन दिवस स्वतःला धरून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा दूध आणायला वाडीत गेले. आत्या राहुटीत पोथी वाचत होती. पाणी वरपर्यंत आलेलं, शांत, तलावासारखं. त्या सकाळच्या समुद्राला लाट म्हणावी अशी लाटच नव्हती. किनाऱ्यावर आम्ही दोघीच. आईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पातळाचा काष्टा मारला, पदर कमरेला घट्ट गुंडाळला आणि मला म्हणाली, "बस हं इथं. मी आलीच." आणि ती सरळ चालत गेली. गुडघे, कंबर, छाती. मला वाटलं आता थांबेल. ती थांबली नाही. तिनं पुढे झोकून दिलं आणि हात मारायला लागली.

ते मी कसं सांगू? माझी आई, जिला रस्ता ओलांडताना माझा हात लागायचा, ती पाणी कापत चालली होती. घाई नाही, खळखळ नाही. डोकं वर, मान ताठ, एका हातामागून दुसरा हात. अंबोडा सुटला, केस पाठीवर पसरले. मधेच ती उताणी झाली आणि नुसती पडून राहिली, अगदी बाजेवर पडल्यासारखी. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं, की ही माझी आई नाही. आणि ही अशीच गेली तर मी नागपूरला कुणाबरोबर परत जाऊ?

तेवढ्यात तिच्या पलीकडे पाण्यातून एक पाठ वर आली. राखाडी, ओली, गुळगुळीत. 'फुस्स' असा आवाज झाला आणि पाठ खाली गेली. मग तिच्या अलीकडे दुसरी. मग त्या दुसरीला चिकटून एक लहान. तीन होत्या, कदाचित चार. ते डॉल्फिन होते हे आज मला माहीत आहे. तेव्हा तो शब्दही मी ऐकलेला नव्हता. पाण्यात राहणारं, माणसाएवढं, पाठ दाखवून बुडणारं असं एकच जनावर मला ठाऊक होतं, आणि ते मला आईनंच दिलं होतं.

आईनं त्यांना पाहिलं. ती पोहायची थांबली, जागच्या जागी पाय हलवत उभी राहिली. ती जनावरं तिच्याभोवती फिरू लागली. एक मोठं वळण, मग लहान. पाणी हलत होतं आणि मधे आईचं डोकं. आणि आई हसली. पाण्यावरून आवाज फार स्पष्ट येतो. ते हसू मी ऐकलं. एखाद्या मुलीनं झोपाळ्यावरून हसावं तसं ते होतं. मग ती जनावरं हळूहळू खोल पाण्याकडे वळली आणि आई त्यांच्यामागे निघाली. त्यांना धरायला नाही, त्यांच्याबरोबर. ती आता आणखी लांब चालली होती.

मी किंचाळले. "मगर! आई, मगर! आई गं!"

आधी तिनं ऐकलं नाही. मी पुन्हा ओरडले, मग ओरडतच राहिले, घसा फाटेपर्यंत. तेव्हा तिनं मान वळवली. एक क्षण ती तिथंच थांबली. माझ्याकडे तोंड, आणि पाठीमागे ती जनावरं. तो क्षण मी आयुष्यात पुन्हापुन्हा पाहिला आहे. मग ती माझ्याकडे वळली आणि परत यायला लागली. जाताना तिचे हात जसे पडत होते तसे येताना पडत नव्हते.

माझा आवाज वाडीपर्यंत गेला असणार. बाबा धावत आले. दुधाचा लोटा हातातून पडला. बाबांना पोहता येत नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत बुडून गेला होता, तेव्हापासून ते तलावाच्या पायरीवरही बसायचे नाहीत. हे मला नंतर आत्यानं सांगितलं. तो माणूस पायजम्यासकट, चपलांसकट समुद्रात शिरला. छातीएवढ्या पाण्यात पाय घसरून आडवा झाला, नाकातोंडात पाणी गेलं, चष्मा वाहून गेला. शेवटी आईनंच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. कुणी कुणाला वाचवलं म्हणायचं ते आता तुम्हीच ठरवा.

काठावर आल्यावर बाबा खोकत पाणी थुंकत होते. चष्म्याशिवाय त्यांना धड दिसत नव्हतं. त्यांनी चाचपडत आईचा हात धरला, दुसऱ्या हातानं मला जवळ ओढलं आणि तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"म्हण," ते म्हणाले. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हण. पुन्हा पाण्यात जाणार नाही."

"अहो, ते काही करत नव्हते..."

"तू म्हण आधी!"

आत्या राहुटीतून धावत आली होती. आईनं एकदा समुद्राकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं, नुसतं पाणी होतं. "नाही जाणार," ती म्हणाली. तिच्या हातावरून, केसांवरून पाणी माझ्या डोक्यावर गळत होतं आणि कपाळावरून ओघळून माझ्या तोंडात येत होतं.

दुपारी तो म्हातारा आला आणि झालं ते ऐकून हसला. "ते कोणाक काय करनत नाय," तो म्हणाला. "माशांच्या पाठसून येतत. मानसाक बगतत, नि जातत." आम्ही तिथं आणखी दोन दिवस राहिलो. समुद्र रोज वर आला, रोज खाली गेला. आईनं चूल फिरवून घेतली. आता समुद्र तिच्या पाठीकडे होता.

आमच्या वर्गात शपथेचे कायदे फार पक्के होते. 'गळ्याशपथ' म्हटलं की मोडायची नाही, मोडली तर ज्याची घेतली तो मरतो. पण सुटकाही होती. शपथ घालणारीनं किंवा जिची घेतली तिनं 'सुटली' असं म्हटलं, की ती सुटते. एवढा साधा शब्द. नागपूरला परत आल्यावर मी तो कधीही म्हणू शकत होते. माझ्याच डोक्यावर ती शपथ होती. आई पोळ्या करताना, वेणी घालताना, माझ्या शेजारी निजताना, कितीदा तरी तो शब्द माझ्या अगदी ओठांवर आला. मी तो म्हटला नाही. आधी मरणाच्या भीतीनं, आणि नंतर, खोटं कशाला बोलू, मला ती तशीच हवी होती म्हणून. कोरडी, घरातली, हाकेच्या अंतरावरची.

एकदाच आईनं तो दिवस माझ्यापाशी काढला. मी सातवी-आठवीत असेन. हिवाळाच होता. आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. ती एकदम म्हणाली, "त्याचा डोळा बारका होता वं. आपल्या कालवडीवानी. माह्याकडे पाहून राहिला होता. हात लांब केला असता तं लागला असता."

"मग केला नाहीस?"

"नाही. आपुन त्याच्या घरात. कायले हात लावा?" आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी तेव्हाही गप्प बसले. मला वाटलं, जास्त विचारलं तर ती पुन्हा तिकडे जाईल.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी उन्हाळ्यात जवळच्या पोहण्याच्या तलावावर बायकांसाठी दुपारची वेगळी वेळ सुरू झाली. आमच्या गल्लीत केवढी खळबळ! पोहायचं म्हणजे घालायचं काय, इथून चर्चा. समोरच्या मंदाकाकू भारी हौशी. त्या आमच्याकडे आल्या आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही नदीकाठच्या ना? चला वं माह्यासंगं. मले एकटीले भेव वाटते. पंजाबी ड्रेस घालून चालते म्हणे."

आईचे हात थांबले. ती गहू निवडत होती. सुपात तसेच हात ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दारापाशी परीक्षेचं पुस्तक घेऊन बसले होते. ती माझ्याकडे पाहते आहे हे मला कळत होतं. मी मान वर केली नाही. तीच ओळ मी पुन्हापुन्हा वाचत राहिले. बाहेर ऊन असं रणरणत होतं की तलावाच्या नुसत्या नावानं जिवाला बरं वाटावं.

"नाही वं मंदाताई," आई म्हणाली. "माह्या कानाचा त्रास हाय. पाणी गेलं का ठणकते."

आईच्या कानाला कधी काही झालं नव्हतं. मंदाकाकू एकट्याच गेल्या, आठ दिवसांत पोहायला शिकल्या आणि वर्षभर आम्हाला सांगत राहिल्या.

माझं लग्न झालं. आत्या गेली. मग बाबा गेले, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, झोपेतच. बाबा गेल्यावर मला वाटलं आई आता मोकळी झाली, आता जाईल कुठं तरी, माहेरी, नदीवर. ती कुठं गेली नाही. तिला दम्यानं धरलं. हिवाळा तिला जड जायचा. दुपारी मी तिच्याकडे जायची आणि गच्चीत उन्हात तिला बसवायची. ती संत्री सोलायची, एकेक फोड निवडून पांढऱ्या शिरा काढून मला द्यायची. मी दोन मुलांची आई झाले होते, तरी फोड माझ्या हातात नाही, तोंडातच.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात अशाच एका दुपारी मी तो शब्द म्हटला. खूप दिवस मनाशी घोकला होता. "आई, ती शपथ. माझ्या डोक्यावरची. सुटली बरं का. मी सोडली." आणि मी रडायला लागले. पंधरा वर्षं उशीर झाला, तुला आता श्वास पुरत नाही, आणि मी आत्ता म्हणते आहे, असं काहीबाही मी बोलत होते.

आईला आधी काही लक्षातच आलं नाही. मग ती म्हणाली, "कोणती वं? ते समुद्रावरची? ते तं तुह्या बाबानं येतानाच सोडली. तू झोपली होती गाडीत. हात जोडले त्यायनं माह्यापुढं. म्हणे, माहं चुकलं, मले भाऊ आठवला. सुटली म्हणे. तुले जावंसं वाटलं तं जात जाय, फक्त मले सांगू नको."

"मग तू गेली काहून नाहीस?" मी तिच्याच भाषेत विचारलं. "इतकी वर्षं? मंदाकाकू आल्या होत्या, तेव्हा तरी?"

आईनं हातातली फोड खाली ठेवली. दम लागला होता, थांबून थांबून बोलत होती.

"तू शाळेतून आली का दप्तर टाकून पहिले माह्यापाशी येत होती," ती म्हणाली. "अन् माह्या पदराले हात लावून पाहत होती. ओला हाय का कोरडा. रोज. बोलत काही नव्हती. हात लावला का खेळायले पळत होती. दोन वर्षं केलं तू तसं. मग म्या ठरवलं, बाप्पा, या पोरीच्या हाताले हा पदर ओला नाही लागला पाहिजे."

"आणि नंतर?"

"नंतर मग राहूनच गेलं वं. मंदा आली तेव्हा म्या पाहिलं तुह्याकडे. तू वरतं पाहिलं असतं, तं गेली असती."

तिनं ती फोड उचलली, तिच्यावरची शीर काढली आणि माझ्या तोंडात घातली. फेब्रुवारीत ती गेली.

ते मला आठवत नाही. त्या दुपारपासून मी किती प्रयत्न केला. शाळेतून यायची वाट आठवते, दप्तर टाकायचा खिळा आठवतो, फरशीचा गारवा आठवतो. आई मोरीपाशी असायची की ओट्यापाशी, तेही आठवतं. पण तिच्या पदराला हात लावल्याचं मला काही केल्या आठवत नाही.